एकशेचाळीस नंबरचं तेल

मेघमाहून चित्रेकडे उतरणारी वाट अर्धी सरली, तरी नरधोज राईंच्या तोंडी एकच वाक्य होतं. "फुर्ब्याने मुद्दाम ठेवला तो डबा. मला दिसावा म्हणून."

त्यांची जुनी लँडरोव्हर वर मेघमाच्या वळणावर मागची चाकं अडकून उभी होती. मी तिच्यातून गोम्पात दिवा लावायला निघाले होते. दिवा राहिला, आणि आम्ही दोघं चुर्पीचं वाळकं पनीर चघळत पायी खाली येत होतो.

मी मानेभंज्यांगच्या शाळेत इतकी वर्षं शिकवते, पण गाडीत एवढा जीव अडकलेला माणूस दुसरा पाहिला नाही. झेंड्यांच्या पूजेला चित्रेच्या म्हाताऱ्या लामांना वर तुमलिंगला नरधोजच नेत. त्यांच्या आधी त्यांचे वडील नेत. यंदा समाजाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, नरधोजची गाडी मागून रडते, लामाजींना स्वतःचा जप ऐकू येत नाही. फुर्बा शेर्पाची गाडी कशी गुपचूप चढते. शेवटी ठरलं, शनिवारपर्यंत नरधोजची गाडी गप्प झाली तर ठीक, नाहीतर फुर्बा नेईल. त्या दिवसापासून नरधोज फुर्बाशी बोलेनात. त्याच्या दारावरून जाताना मान मात्र तिकडेच.

आमच्याकडे तेलाचे रिकामे डबे कुणी फेकत नाही. त्यांत फुलं लावून व्हरांड्यात मांडतात, त्यामुळे कोण गाडीला काय पाजतो ते रस्त्यावरूनच कळतं. मागच्या आसाच्या दातेरी चाकांना इथे सगळे नव्वद नंबरचं तेल घालतात. फुर्बाच्या जिरेनियमच्या डब्यावर मात्र एकशेचाळीस लिहिलेलं नरधोजनी वाचलं आणि तेच आणून ओतलं. ते काकवीसारखं दाट. झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबतं, पण आमच्या थंडीत गोठून बसतं.

"हे माहीत असून घातलंत, दाजू?"

"काल गाडी कशी चालली म्हणून सांगू, दिदी! बायको म्हणाली, इंजिन काढून विकलंत की काय."

"आणि आज?"

"आज दव गोठलं. तेल तळाशीच राहिलं, दातेरी चाकांपुढचं बेअरिंग कोरडं जळालं, मागची चाकं अडकली. पण मग त्याचं का जळत नाही? त्याच्या अंगणात वेगळं ऊन पडतं का?"

खरं मला ठाऊक होतं. लपवणं बरं वाटेना.

"तो डबा फुर्बाचा नाहीच. त्याच्या सासूने सिलिगुडीहून रोपासकट पाठवला. मी फांदी मागायला गेले तेव्हा त्याची बायकोच म्हणाली."

ते थांबले. "मग तो घालतो काय?"

"नव्वदच. तुम्ही आणत होता त्याच दुकानातलं."

नरधोज वाटेकडेच्या दगडावर बसले. तेल चुकलं याचं त्यांना काही वाटलं नसावं; चेहरा उतरला तो नव्वद ऐकून.

"म्हणजे तेलात काही नाही," ते म्हणाले. "त्याची गाडीच चांगली आहे."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात खालच्या वळणावर हॉर्न वाजला आणि फुर्बाची गाडी समोर येऊन थांबली. खरंच, मागून हूं की चूं नाही.

"काय दाजू, लामाजींना आता पाठुंगळी नेणार का?" फुर्बा हसला. "दूधवाल्याने सांगितलं, वर अडकलात. दोर आणलाय. बसा, चला, आधी तुमची गाडी खाली घेऊ."

तो दोर सारून मागे जागा करायला उतरला. नरधोज माझ्याजवळ सरकले, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "दिदी, तुम्ही मागे बसा. मला पुढे बसवेल तो. नीट कान द्या, कुठेतरी घरघरत असेलच. ऐकू आलं तर मला सांगा. आणि नाही आलं, तरी आलं म्हणून सांगा."