खिडकीची खोली

स्टेशनसमोरच्या लॉजवर मी मॅनेजर आहे. बाहेरगावची माणसं सुट्टीला आली, की सोलापूर दाखवायला मी एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याला बोलावतो. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, नुसतं मामा म्हणतो. ते वाक्यागणिक ‘की’ लावतात. "किल्ला बघा की, तळ्याकाठी बसा की, कडक भाकरी खावा की." पाहुण्याने शेंगा चटणीचा पहिला घास घेतला, की ते त्याच्या तोंडाकडे बघत राहतात, जणू चटणी त्यांनीच कुटलीय.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते बायकोला घेऊन आले. मामी फार वाळल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी न्या म्हणाले होते.

"एक दिवस खिडकीची खोली द्या की," मामा म्हणाले. "परगावच्या माणसांना लई फिरवलं, हिला कुटंच नेलं न्हाय."

पिशवी खोलीत ठेवून ते लगेच निघाले. मामांनी रिक्षातूनच किल्ला दाखवला. तळ्याकाठी भाकरी आमटीत कुस्करून भरवली. मामींना दोनच घास गेले.

दुपारी ते परतल्यावर मी वर गेलो, तर मामा खोलीबाहेर फरशीवर बसलेले.

"आत बसा ना, मामा."

"आत्ताच डोळा लागलाय तिचा. मी आत असलो की झोपत न्हाय. जेवलासा का, म्हणून सारखं विचारती."

एवढं बोलून त्यांनी दाराला कान लावला आणि तिचा श्वास ऐकत राहिले.