पाटाकाठचे दोन ठोके

बहरीनमध्ये रस्त्यानं पायी चालणारा माणूस दिसला की लोक दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर याची गाडी बिघडली आहे, नाहीतर हाच बिघडला आहे. जगदीश साळवे रोज संध्याकाळी तुबलीहून ईसा टाउनला चालत यायचा. त्याच्याकडे गाडीच नव्हती, त्यामुळे ती बिघडण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या बिल्डिंगनं मग उरलेला निष्कर्ष काढून टाकला होता.

तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये पंप-फिटर. बायको अक्षता, आणि मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी दहा वर्षांची संघप्रिया. मूळ गाव राहुरीकडचं. वडील पाटकरी होते, म्हणजे कालव्याची दारं उघडायची, लावायची आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. "आमच्या घरात घड्याळ नव्हतं साहेब," तो म्हणायचा, "पाण्याची पाळी होती. पाणी सुटलं की उठायचं."

अशा माणसाला वाळवंटात पाट सापडला, तर तो गाडी कशाला घेईल?

ईसा टाउनच्या मागून तुबलीकडे एक जुना पाट जात असे. एके काळी त्यात झऱ्याचं गोडं पाणी वाहायचं आणि दोन्ही अंगांना खजुराच्या बागा होत्या. पुढे झरा आटला. मी पाहिला तेव्हा पाटात टायर होते, थंड पेयाचे डबे होते, एक आख्खा एअरकंडिशनर होता. बरीचशी झाडं शेंडे झडून नुसत्या खांबांसारखी उभी होती. माणसं उठून गेली आणि खुर्च्या तेवढ्या राहिल्या, अशा मांडवासारखं वाटायचं तिथं. शेवटच्या दोन बागांना पाटाच्या काठानं टाकलेल्या लोखंडी पाइपातून पाणी जायचं. वाटेच्या मध्यावर पंपाची खोली, आणि त्या खोलीत अलीमियाँ.

अलीमियाँ दापोलीकडचे. चोवीस वर्षं पंपावर. जगदीश लांबून येताना दिसला की पान्यानं पाइपावर दोन ठोके द्यायचे. ठण्, ठण्. याचा अर्थ, चहा झालाय, पाय उचल. मग दोघं पायरीवर बसून राहुरीचं पाणी गोड की दापोलीचं यावर भांडायचे. दोघांनाही मिळत होतं ते समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी, पण भांडणाला त्यानं काही कमी पडत नसे.

पंप बंद करायची अलीमियाँची एक रीत होती. आधी बाहेरच्या खड्ड्यातल्या व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं, सावकाश, मोजून बत्तीस फेरे. चाक पूर्ण बसलं की मगच आत जाऊन बटण दाबायचं. जगदीश चिडवायचा, "चाचा, काय पाळणा हलवताय का?" ते म्हणायचे, "पळतं पाणी एकदम थांबवू नये रं बाबा. त्याला लागतं."

त्र्याण्णव साली पंप चालवणाऱ्या कंपनीनं त्याला टायमर लावायचं ठरवलं. ठरल्या वेळी पंप आपोआप चालू, आपोआप बंद. माणसाची गरज खलास. काम जगदीशच्या वर्कशॉपकडे आलं आणि वर्कशॉपनं जगदीशलाच पाठवलं. त्यानं टायमर बसवला तेव्हा स्क्रू हातात द्यायला अलीमियाँच उभे होते. महिन्याभरात त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला. जगदीश त्यांना पोचवायला एअरपोर्टवर गेला नाही. अंगात कणकण आहे म्हणाला. त्यानंतर सव्वा वर्ष तो पाटाच्या वाटेला फिरकला नाही. वर्कशॉपच्या बसनं यायचा आणि खिडकीकडे पाठ करून बसायचा. पत्र मात्र रोज उद्या लिहिणार होता.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत दापोलीहूनच पत्र आलं. अलीमियाँच्या बायकोनं, झोहराचाचीनं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ते दिवाळीच्या सुमारास गेले होते.

त्या संध्याकाळी जगदीशनं बस सोडून दिली आणि पाटाची वाट धरली. अंधारून येत होतं. पंपाच्या खोलीला कुलूप. तो खोलीच्या अलीकडे शंभर पावलांवर आला, आणि पाइपावर दोन ठोके पडले.

ठण्. ठण्.

हे त्यानं मला तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही जिन्यात, आवाज खाली आणून. "रोज वाजतंय साहेब. मी तिथं पोचलो की वाजतंय."

आता यातली अडचण समजून घ्या. जगदीश बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला माणूस. दर एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात अंधश्रद्धेवर त्याचं पाऊण तासाचं भाषण असायचं, आणि ते पाऊण तासात संपत नसे. भूत मानणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं घरात उंदीर पाळण्यासारखं. पण भूत नाही म्हणावं, तर मग अलीमियाँ गेले. कायमचे, आणि याच्या तोंडून माफीचा एक शब्दही न ऐकता. दोन्ही बाजूंनी कोंडी. एकीकडे तत्त्व जायचं, दुसरीकडे माणूस.

"तुम्ही चला एकदा," तो म्हणाला. "तुम्ही मानता ना भुतंबितं? तुम्हाला चालतं."

"मी? मी अकाउंटंट आहे."

"मंगळवारी नखं कापत नाही तुम्ही. मेधावहिनींनी सांगितलंय."

बायकोनं घरातली गुपितं खालच्या मजल्यापर्यंत पोचवली आहेत हे मला तेव्हा कळलं. गेलो.

गुरुवारचा दिवस होता. पाटाकाठी चालताना पलीकडच्या गॅरेजांमधली ठोकाठोक, जनरेटर, कुठंतरी मोठ्यानं लावलेला रेडिओ, असं सगळं एकमेकांत मिसळून येत होतं. एक पिकअप थांबली. आतल्या भल्या गृहस्थानं "गाडी खराब?" असं विचारून आम्हाला लिफ्ट देऊ केली. जगदीश म्हणाला, "शुक्रन, शुक्रन, चालतोय." गृहस्थ माझ्याकडे दयेनं बघून निघून गेले. जगदीश वाटेच्या एका कडेनं चालत होता. मी दुसऱ्या बाजूला आलो तर म्हणाला, "तिकडं नको साहेब, मागून या." तिकडं कोण चालत होतं ते मी विचारलं नाही.

आणि वाजलं. दोनदा. पाइपाला हात लावून उभा होतो मी. तो आवाज कानांआधी तळहातातून आत आला. घाबरलो की मी घड्याळ बघतो, ही माझी लहानपणापासूनची सवय. पाच चाळीस.

घरी परतलो. जिन्यात तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मी वेडा नाही." आणि लगेच त्याचा चेहरा पडला, कारण वेडा असता तर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. मीच त्याला म्हटलं, चला. गॅरेजं बंद होती. पाट इतका शांत की आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच परका वाटत होता. आम्ही कुलूपबंद खोलीच्या पायरीवर बसलो. आतून पंपाची बारीक घरघर येत होती. एरवी गॅरेजांच्या गोंगाटात ती ऐकूच येत नसे. उजेड कमी कमी होत गेला. ते बिनशेंड्याचे खजूर जवळ सरकल्यासारखे वाटायला लागले.

एकदम घरघर थांबली. आणि, ठण्. ठण्.

मी सवयीनं घड्याळ पाहिलं. "पाच चाळीस," म्हटलं. "कालही पाच चाळीसच. जगदीशराव, भूत असेल तर फार वक्तशीर आहे. आमच्या ऑफिसात मॅनेजरसुद्धा इतका वेळेवर येत नाही."

जगदीश माझ्याकडे वळला. "किती म्हणालात?"

"पाच चाळीस."

"पाच चाळीस मीच लावलंय," तो म्हणाला. "टायमरला. माझ्या हातानं."

मग तो फिटरच्या आवाजात, भराभर, माझ्याकडे न बघता बोलत गेला. टायमर पंप फटकन बंद करतो. पाइपातलं पळतं पाणी अडतं, उलटं फिरतं, झडपेवर आदळतं. एकदा जाताना, एकदा परतताना. वॉटर हॅमर म्हणतात त्याला. शिकाऊ माणसालासुद्धा ठाऊक असतं. अलीमियाँ आधी चाक बसवायचे म्हणून चोवीस वर्षांत पाइप एकदाही असा वाजला नव्हता. पंपात सारी उमर गेलेल्या माणसाला हे तीन आठवडे सुचलं नाही? मला वाटतं, त्याला ते सुचायलाच नको होतं.

"म्हणजे ते नाहीत म्हणून वाजतंय," तो शेवटी म्हणाला.

तो खड्ड्यात उतरला. जोडाचे बोल्ट रोजच्या दणक्यानं ढिले झाले होते, खाली माती ओली होती आणि तिथं तळहाताएवढं गवत उगवलं होतं. "अजून दोन महिने," म्हणाला, "मग फुटेल. दोन्ही बागा जातील." कंपनीत सांगून उपयोग नव्हता. सांगितलं तर नवी झडप कधी येईल, या प्रश्नाला तिथं एकच उत्तर मिळायचं: इंशाल्ला.

रोज पाच चाळीसच्या आधी येऊन कुणीतरी चाक फिरवायचं, पंप थांबला की पुन्हा उघडून ठेवायचं, एवढाच इलाज होता. पण मग ठोके थांबणार होते.

शनिवारी तो मला न सांगता गेला. मी ऑफिसातून परस्पर पोचलो, तेव्हा तो खड्ड्यात उकिडवा बसला होता, दोन्ही हात चाकावर. बोल्ट आवळून झाले होते. चाक मात्र फिरत नव्हतं. पाच पंचवीस, पाच तीस. मी वरून म्हटलं, "मदत करू?" तो म्हणाला, "गंजलेलं नाहीये साहेब." मग तो काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. आणि फिरवायला लागला. सावकाश. बत्तीस.

पाच चाळीसला घरघर थांबली. पाइप गप्प. इतकी मोठी शांतता मी बहरीनमध्ये कधी ऐकली नव्हती.

त्या वर्षी जयंतीचं भाषण पंधरा मिनिटांत संपलं. "भूत नसतं," जगदीश म्हणाला, घोटभर पाणी प्यायला आणि खाली बसला. लोकांना ते फार आवडलं. संघप्रिया मात्र घरी येताना म्हणाली, "पप्पा, यू लुक्ड सो सॅड."

डिसेंबरात त्याला दीड महिन्याची लीव्ह मिळाली. पहिल्यांदा तो राहुरीच्या आधी दापोलीला जाणार होता, झोहराचाचीकडे. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. जायचं मात्र ठरलं होतं. निघताना त्यानं चाक माझ्यावर सोपवलं. "बत्तीस," असं तीनदा सांगितलं. कंपनीचा ताळेबंद लिहिणाऱ्या माणसाला!

डिसेंबरात पाच चाळीसला काळोख असतो. टाय लावलेला, हातात टॉर्च घेतलेला माणूस रोज त्या खड्ड्यात उतरताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी पाटाची वाट नक्की सोडली असणार. मीही आकडे मोठ्यानं मोजायचो, सोबत म्हणून. एके दिवशी ऑफिसात ऑडिटर बसून राहिले. मी धावत सुटलो, पण खोलीच्या अलीकडे शंभर पावलांवर असतानाच वाजलं. ठण्. ठण्. वॉटर हॅमर, झडप, परतीचं पाणी, सगळं मला समजलेलं होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो हो, आलो!"

जानेवारीच्या अखेरीस जगदीश परतला. त्याच संध्याकाळी आम्ही पाटावर गेलो. दापोलीचं त्यानं थोडक्यात सांगितलं. चाचींनी आधी पाणी दिलं. मग जेवायला वाढलं. मग म्हणाल्या, ते तुझी वाट बघायचे. एवढंच.

बराच वेळ चालल्यावर त्यानं विचारलं, "एकदाही वाजलं नाही ना?"

प्रश्न फिटरचा होता, आवाज नव्हता. मी खोटं बोलणार होतो, पण बोललो नाही.

"एकदा वाजलं. मला उशीर झाला."

तो थांबला. "दोनदा?"

"दोनदा."

बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला तो माणूस त्या काळोखात माझ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काय म्हणाले?"

"तुमची चौकशी केली," मी म्हटलं.

"बरं," जगदीश म्हणाला, आणि चाक फिरवायला खाली उतरला.