मोटरला गेलेल्या शुभेच्छा

चिखली-अमडापूर एसटीत एक तरुण माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर लॅपटॉप, पायाशी निळा डबा. मेसेज पाठवला की मोटर चालू करणारा तसलाच डबा आमच्या विहिरीवर आहे. त्यातला प्रोग्राम हाच गडी लिहायचा, असं त्यानंच सांगितलं. घडीघडी गळ्यातल्या दुपट्ट्यानं स्क्रीन पुसायचा.

मी कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, त्यामुळे स्क्रीनवर नजर गेलीच. त्याचा प्रोग्राम आलेला मेसेज लांबी न मोजताच मेमरीतल्या एवढ्याशा जागेत ओतत होता.

"कंपायलर या चुकीची वॉर्निंग देत नाही?" मी विचारलं.

"देत होता ना! पिवळ्या ओळीच ओळी. डोकं उठे. बंद करून टाकल्या."

"अहो, लांब मेसेज आला तर बाहेर सांडून शेजारच्या चालू-बंदच्या नोंदीवर पडेल. मोटर आपोआप चालू होईल!"

तो हसला. "मोटरले लांब मेसेज कोण पाठवते भाऊ? चालू, नाहीतर बंद."

मी हादरलो. त्या दिवशी पाडवा होता. बाबा सणाला फोनमधल्या झाडून सगळ्या नंबरांना लांबलचक शुभेच्छा पाठवतात. आणि सकाळीच ते मोटरची तुटलेली वायर जोडायला वावरात गेले होते. मी फोन लावला.

"शुभेच्छा? आता धाडतो सगळ्याइले," बाबा म्हणाले. "मोटरलेही जातीन, जाऊ दे. काऊन रे? वायर हातात हाये, बोल लवकर."

"बाबा, वायर सोडा! आधी मेन स्विच पाडा!"

अख्खी एसटी माझ्याकडे वळून पाहू लागली. फोनमध्ये खटका पडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

शेजारच्या गड्यानं सगळं ऐकलं होतं. दुपट्ट्यानं स्क्रीन पुन्हा एकदा पुसली आणि शांतपणे म्हणाला, "त्याइले सांगा भाऊ, फोनमधून मोटरचा नंबर काढून टाका म्हणा."