'हरवले' या शेऱ्याआधी

बातमीदारी सोडल्यावर मी सांगलीतल्या एका संशोधन प्रकल्पात मोजमापे घेण्याची नोकरी धरली. अशक्त बाळांसाठी तिथे शेंगदाणे आणि डाळींचा, न शिजवता भरवता येणारा खाऊ तयार केला होता. त्याने वजन वाढते का, एवढाच प्रश्न होता. दर महिन्याला बाळाचे वजन, लांबी आणि दंडाचा घेर घ्यायचा. सलग दोन मापे चुकली की नावापुढे 'हरवले' असे लिहून ते बाळ यादीतून काढायचे, हा नियम.

पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या मेंढपाळांची मुले यादीतून अशीच गळत गेली. दिवाळीनंतर कुटुंबे मेंढरे घेऊन कराडकडच्या नदीकाठाला निघत आणि मापे चुकत. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा त्यांच्यातली एकच मुलगी उरली होती, दहा महिन्यांची. तिचे एक माप चुकले होते, दुसऱ्याची मुदत शनिवारी संपत होती. ती गळली असती तर खाऊचे उत्तर एका जागी राहणाऱ्या मुलांपुरतेच निघाले असते. ज्यांची चूल दर दोन दिवसांनी हलते त्यांच्यासाठीच तर तो न शिजवायचा केला होता. शिवाय तिला दिलेली खाऊची पाकिटे आता संपली असणार. तिच्या वडिलांचा फोन बंद लागत होता.

आमच्याच इमारतीत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पिकांचा अंदाज बांधणारा एक तरुण शास्त्रज्ञ बसे. हिरवळ कुठे आहे ते दिसेल का, असे मी त्याला विचारले. त्याने कराडच्या आसपासचे हिरवे पट्टे छापून दिले. गुरुवार आणि निम्मा शुक्रवार मी दुचाकीवरून ते पट्टे पालथे घातले. ऊस भेटला, भाजीपाला भेटला. मेंढरू एकही नाही.

शुक्रवारी दुपारी कराडजवळ चहाच्या गाड्यावर मेंढरांचा एक व्यापारी भेटला. जुम्म्याची नमाज उरकून आला होता. मी कोणाला शोधते आहे ते त्याने ऐकून घेतले, नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि हसू दाबले.

"ताई, उभ्या पिकात मेंढरू घातलं तर शेतकरी काठी घिऊन यील का चहा घिऊन? काढल्यालं रान बघा. हरभरा निघाला की मालकच बोलवून मेंढरं बसवतोय, लेंडीखतासाठी."

प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. मी तिथूनच शास्त्रज्ञाला फोन केला: दोन आठवड्यांपूर्वी हिरवे होते आणि आज नाही, असे तुकडे दाखव. तासाभरात चार ठिकाणे मोबाइलवर आली. पहिल्या दोन रानांत ट्रॅक्टर फिरून गेला होता. तिसऱ्यात ताज्या लेंड्या होत्या, पण माणसे पुढे गेली होती. तोवर अंधार पडला. चौथ्या रानात शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास पोचले, तेव्हा जाळीत कोंडलेली कोकरे आणि बाभळीला बांधलेले घोडे दिसले.

मुलीची आई भाकरी थापत होती. मी का आले ते सांगितले. यादीतला तो शब्दही सांगितला. तिने हात थांबवला नाही.

"आमी कुटं हरवलो? आमी हितंच हाय. हरवला तुमी."

फोन विहिरीत पडला होता, असे तिच्या नवऱ्याने सांगितले. मी दीड दिवस उसात फिरले हे कळल्यावर, मग येताना गूळ तरी आणायचा, असेही तो म्हणाला.

वजनकाटा ढेकळांवर ठेवता येईना. त्यांनी धुण्याचा सपाट दगड आणून दिला. मुलगी एकटी काट्यावर बसेना, म्हणून आई तिला घेऊन उभी राहिली, मग एकटी. फरक लिहिला. खात्रीसाठी पुन्हा तेच केले. वजन वाढले होते. दंडाची पट्टी मागच्या वेळी पिवळ्या, म्हणजे अशक्तपणाच्या, रंगावर थांबली होती, आता हिरव्यावर आली होती, जेमतेम. पाकिटे संपून चार दिवस झाले होते, तीही नोंद केली आणि नवी पाकिटे दिली.

निघताना पुढचा मुक्काम विचारला. गहू निघंल तिकडं, ती म्हणाली.

सोमवारी मी प्रकल्पप्रमुखांना 'हरवले' हा शेरा बदलायची विनंती केली. अभ्यास चालू असताना नियम बदलता येत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. एक नवा रकाना मात्र जोडता येत होता. त्याला 'पुढचा मुक्काम' असे नाव दिले आणि पहिल्या ओळीत मी लिहिले: गहू निघेल तिकडे.

हा काय पत्ता झाला, असे त्यांनी विचारले. मी उपग्रहवाल्या शास्त्रज्ञाच्या खोलीकडे बोट दाखवले.

पुढच्या महिन्यात त्या मुलीचे माप मुदतीच्या दोन दिवस आधी झाले.