मांड्यांची तक्रार आणि दादाची कंबर

डॉ. सुमती केळुसकर यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या मांड्यांमुळे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. जाड मांड्यांची लाज वाटून मी दोन महिने रात्रीचं जेवण सोडलं होतं. एक दिवस कॉलेजात चक्कर येऊन पडले, तेव्हा आई मला बोरीवली पूर्वेच्या त्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. सोबत दादा होता. तेवीस वर्षांचा, हातापायांनी काटकुळा.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या उंचीएवढी दोरी कापली, दुमडून निम्मी केली आणि माझ्या कंबरेभोवती धरली. टोकं सहज जुळली. मांड्यांवरच्या चरबीने सहसा फारसं बिघडत नाही, सांभाळायचं ते पोटाच्या आत, यकृताभोवती साठणाऱ्या चरबीला, असं त्यांनी समजावलं. बोलता बोलता त्यांची नजर दादाच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेली. त्याच्या निम्म्या उंचीची दोरी त्याच्या कंबरेला चार बोटं कमी पडली.

आईला काही पटेना. "बाई, ह्येच्या अंगार मास खंय आसा?"

"अंगावर नाही, आत आहे," बाई म्हणाल्या. "उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला पाठवा."

दादाची साखर वाढलेली निघाली. बाई स्वतः आमच्या घरी आल्या आणि बारीक मुलगा म्हणून आई आग्रहाने वाढत असलेला तिसरा भात थांबवला. पुढे वर्षभर दर रविवारी त्या दादाला आपल्याबरोबर राष्ट्रीय उद्यानात चालायला नेत. साखर ताळ्यावर आली. मीही नीट जेवू लागले, आहारशास्त्र शिकले आणि त्यांच्याच दवाखान्यात रुजू झाले.

बाई चुकतातही. एका शिबिरात त्यांनी एका विद्यार्थ्याची कंबर सर्वांसमोर मोजली आणि पोरं हसली. त्याच्या मनाला लागलं असेल, असं मी भीत भीतच म्हटलं. मग त्याला शोधून काढून बाईंनी त्याची माफी मागितली. तेव्हापासून आमच्या शिबिरात मोजमाप पडद्याआड होतं.

या लेखात काय लिहू, असं परवा दादाला विचारलं. तो म्हणाला, "लिही, बाईंमुळे तू जेवायला शिकलीस आणि मी ताटावरून उठायला."

पंच्याहत्तरीत पाऊल टाकणाऱ्या आमच्या बाईंना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. अजून पुष्कळ वर्षं त्यांनी आम्हाला असंच हक्काने रागवावं.