साडेपाच तासांवरची लेक

आमच्या सिताबाईला अंतर विचारण्यात अर्थ नाही. आमच्या माकणी गावाहून धरण किती लांब, असं विचारलं तर ती म्हणते, "शेळ्या संगं आसल्या तर न्याहारीची येळ हुती, नुसतं गेलं तर तोंडातलं पान संपत न्हाय." तिचे मालक गुंडाप्पा यांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला. ते सगळं किलोमीटरमध्ये मोजतात. या एका गोष्टीवरून दोघांचं कधी जमलं नाही, आणि दरवेळी बाईच जिंकली, हे मी शेजारीण म्हणून छातीवर हात ठेवून सांगते.

त्यांची एकुलती लेक दीपाली नवऱ्याबरोबर सिंगापुरात असते. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. गुंडाप्पांना धास्ती, गाव काय म्हणेल! सिताबाईला गावाची पडली नव्हती. पोरीजवळ आपलं माणूस नसेल, म्हणून तिचा जीव खालीवर होत होता.

"म्या जाती तिकडं," ती म्हणाली.

"चार हजार किलोमीटर हाय ते!" गुंडाप्पा कडाडले. "ट्रकला आठ दिस लागतील. त्यात मधी समुद्र!"

आता विमानाला ट्रकचा हिशोब लावणाऱ्या माणसाला काय बोलावं? सिताबाईनं पुतण्याला, भागवतला, हाक मारली.

"इमानाला किती येळ लागतो रं?"

"मुंबईहून साडेपाच तास, काकू."

"आन् आपल्या येडशी ठेसनावरनं मुंबईला?"

"रेल्वेनं अख्खी रात."

"मग मुंबईच लांब की! आवं, तुमी मला तेवढं मुंबईला सोडा. फुडचं जवळच हाय."

तिकीट आलं. गुंडाप्पांनी चष्मा लावून निघायची आणि पोचायची वेळ पाहिली. "भागवत, हितं तर आठ तास दिसत्यात. फसवतूस व्हय?"

"तिकडचं घड्याळ अडीच तास फुडं आसतंय, काका. दिवस आपल्या आधी उगवतो."

"मजी दीपाली माझ्या आधी उठती?" सिताबाई हरखली. "हितं तर ऊन डोक्यावर आलं तरी लोळायची!"

डिंक, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी घेऊन बाई गेली. विमानात तिला भीती वाटली नाही. उलट, नीट बसते न बसते तोच उतरायला सांगितलं, अशी तिची तक्रार होती. त्याच आठवड्यात दीपालीला कळा सुरू झाल्या. सिताबाईनं तिचा हात सुटू दिला नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप. फोन आला तेव्हा गुंडाप्पा आमच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर गावातल्या कल्याणप्पानं त्यांना टोचलंच.

"काय गुंडाप्पा, पोरीचं पैलं बाळंतपण परमुलखात झालं म्हनं?"

गुंडाप्पांनी कप खाली ठेवला.

"न्हाय. माहेरात झालं. तिची माय हुती की तितं."