डब्यावर लिहिलेलं गोमूत्र

आमच्या वस्तीवर फुकट पेट्रोल मागणाऱ्यांची एक जमातच आहे. हे लोक तेलगावच्या पंपासमोरून कोरड्या टाकीची गाडी दामटत येतील आणि बरोब्बर माझ्या गोठ्यापुढं बंद पाडतील. "जरासं दे बे, ढक्कनभर." यांचं ढक्कन म्हणजे तांब्या. जमातीचा म्होरक्या माझा थोरला चुलतभाऊ. शेजारीच राहतो. एकदा म्हणाला, "नारायणगडाला चाललोय. देवाच्या कामाला न्हाई म्हंतो का?" देवाला म्हणे माझंच पेट्रोल लागतं.

माझ्याकडं फवारणीच्या पंपासाठी पाच लिटरचा पांढरा डबा भरलेला असायचा. मूळचा गोडेतेलाचा. ग्रामपंचायतीत एक कृषीवाल्या मॅडम येऊन सांगून गेल्या होत्या, की पेट्रोल खाण्यापिण्याच्या डब्यात ठेवू नका, जाळापासून लांब ठेवा, आणि आत काय आहे ते वर मोठ्या अक्षरात लिहा. मी मागून ओरडलो, "मॅडम, आमच्याकडं पेट्रोल नाकानं वळखत्यात!" सगळे खिदळले. मीही माझ्याच विनोदावर खूश.

मॅडमचं एवढं मात्र मी ऐकलं, की डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं. लाल ऑइलपेंटनं लिहिलं: गोमूत्र.

एवढी अक्कल या वस्तीत पूर्वी कुणी चालवली नसेल. आठ महिने डब्याला कुणाचा हात लागला नाही. भाऊ यायचा, डब्याकडं बघून नाक मुरडायचा. मी हात झाडून दाखवायचो, "थेंब न्हाई दादा, पोराची शपथ." तो गेला की मी एकटाच हसायचो. कसली बावळट माणसं, वाचलं की खरं मानतात!

मग भावानं नवं घर बांधलं आणि वास्तुशांती काढली. गुरुजींनी ऐनवेळी गोमूत्र मागितलं. वस्तीवर गाई उरल्यात कुठं? गोठ्यांत मोटरसायकली उभ्या. वहिनींना माझा डबा आठवला. मी पंगतीच्या मांडवात मठ्ठ्यात मीठ कमी की जास्त यावर अक्कल पाजळत होतो. त्या गोठ्यात गेल्या आणि डबा उचलून आणला.

मठ्ठ्याची बादली घेऊन मी बैठकीच्या दारात पोचलो. समोर होम पेटलेला. वहिनी आतल्या खोल्यांत शिंपडून बाहेर येत होत्या, एका हातात तांब्या, दुसऱ्यात आंब्याचा डहाळा. पदर भिजलेला. घराला नवा रंग होता, त्याचा वास कालपासून सगळ्यांच्या नाकात बसलेला. पण तांब्यातला वास मी ओळखला. माझाच माल होता.

आणि मी गप्प उभा राहिलो. चार श्वास तरी. वहिनी होमापासून पाच-सहा पावलांवर होत्या आणि माझ्या टाळक्यात चाललं होतं, की आता बोललो तर भावाला कळणार, पेट्रोल होतं म्हणून. ज्यांना मी बावळट म्हणत होतो त्यांच्यातला एकही एवढा हलकट नव्हता.

मग ओरडलो, "वहिनी, थांबा! ते पेट्रोल हाय!"

पाटावरून भाऊ हसला. "पेट्रोल? तुज्याकडं? पोराची शपथ खाल्ली व्हतीस की लेका!"

गुरुजी म्हणाले, "डब्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय. मी स्वतः वाचलं."

"जुनं हाय भावजी, म्हणून वास मारतंय," असं म्हणत वहिनींनी आणखी एक पाऊल टाकलं.

माझ्या तोंडापेक्षा माझ्या डब्याची पत जास्त होती. मी अख्खी बादली होमावर ओतली. तूप, तीळ, समिधा आणि वर आमचा मठ्ठा. निखारे चरचरले, पांढरी धार गुरुजींच्या पोथीपर्यंत गेली.

"होम इझवला बे यानं! वास्तूचा होम!" भावानं माझी गचांडी धरली.

"आधी वास तर घे दादा!"

त्यानं तांब्यात बोट बुडवलं, नाकाला लावलं. चेहरा पांढराफटक पडला. गुरुजी सोवळं सावरत सगळ्यांच्या आधी अंगणात. आम्ही दारं-खिडक्या उघडल्या, माणसं बाहेर काढली. मला वाटलं, आता भाऊ मिठी मारणार.

तो म्हणाला, "म्हंजी इतके दिस व्हतं तुज्याकडं. आन् मला गेवराईला येस्टीनं पाठीवलंस!"

बायको जळता जळता वाचली होती, आणि याला येस्टी आठवत होती. मी मनात त्याला शिव्या घालून घेतल्या. तेवढंच बरं वाटलं.

वहिनी मात्र ओला पदर अंगापासून लांब धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, तुमी दारात कवाचे हुबे व्हता. मी बघितलं तुमाला. हाक मारायला येवढा येळ कावून लागला?"

अंगणातले सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"सर्दी झालीय वहिनी," मी म्हणालो. "नाक चोंदलंय."

माझ्या सर्दीची त्यांनी विचारपूससुद्धा केली नाही. दारापाशी ठेवलेल्या डब्यावरच्या माझ्या अक्षरांकडं एकदा पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि लुगडं बदलायला निघून गेल्या.